झाकणापायी दहा हजार

गॅरेजचं नाव लिहीत नाही. ठाण्यात पोखरण रोडच्या आतल्या अंगाला आहे, एवढं पुरे. माझ्याकडे बिल नाही आणि बिलाशिवाय कुणाचं नाव घेऊन बोंब मारण्यात अर्थ नाही. बिल का नाही, ते पुढे येईलच.

गाडी 2011ची, पेट्रोल, एमएच 04. वर्तकनगर ते ऐरोली हे रोजचं जाणं-येणं. जुलैतल्या एका सकाळी विटाव्याच्या रेल्वे पुलाअलीकडे नेहमीसारखा खोळंबलो होतो, तेवढ्यात मीटरमध्ये इंजिनाच्या आकाराचा पिवळा दिवा लागला. गाडीत बाकी काही फरक नाही. धक्के नाहीत, पिकअप तसाच. आदल्या संध्याकाळी टाकी फुल्ल केली होती आणि पंपावरच्या पोराने झाकण लावलं तेव्हा मी फोनवर बोलत होतो, हे मात्र आठवलं.

गाडी जागची हलत नव्हती, म्हणून फोनवर शोधलं. टाकीचं झाकण सैल राहिलं तर हा दिवा लागतो, असं ढीगभर ठिकाणी लिहिलेलं. उतरून झाकण घट्ट फिरवलं. एक ‘टक’ वाजलं. म्हटलं, सापडलं! दिवा दोन दिवस तसाच राहिला, तेव्हा वाटलं झाकणाचं रबर गेलं असणार. मग गॅरेजमध्ये गेलो आणि गाडीतून उतरता उतरता मीच बोललो, “झाकणामुळे तर नाही ना हो हे?”

माझी खरी चूक ही. डॉक्टरकडे जाऊन आपणच आजाराचं नाव सांगायचं, तसं. समोरच्याला मग फक्त मान हलवायची असते.

त्याने मान हलवली. “बरोबर ओळखलंत साहेब. निम्म्या गाड्यांना तेच होतं.” स्टिअरिंगखालच्या सॉकेटला स्कॅनर लावला, स्क्रीन स्वतःकडे ठेवली, दोन बटणं दाबली. दिवा गेला. झाकण कंपनीचं म्हणून 1,450 आणि स्कॅनिंगचे 500. जुनं झाकण त्याने काउंटरखाली टाकलं. मी मागितलंही नाही, तुटक्या पट्टीचं झाकण घरी नेऊन काय करणार!

तिसऱ्या दिवशी कळव्याच्या पुलावर दिवा पुन्हा हजर.

हा तीन दिवसांचा खेळ मला फार उशिरा कळला. दोष दिसला की गाडीचा कंप्युटर त्याचा क्रमांक नोंदवून ठेवतो, तो कोड. स्कॅनरने कोड पुसला की दिवा विझतो, दोष बरा झालेला असो वा नसो. गाडीचा कंप्युटर बहुतेक दोषांना पहिल्याच फेरीत दिवा लावत नाही. पुढच्या फेऱ्यांत तोच दोष पुन्हा दिसतो का, याची वाट बघतो. त्यामुळे कोड पुसून दिलेली गाडी घरापर्यंत शहाण्यासारखी येते. तोवर पैसे देऊन झालेले असतात.

दुसऱ्या खेपेला तो जराही गडबडला नाही. “झाकण तर बदललं, म्हणजे आता कॅनिस्टर.” कॅनिस्टर म्हणजे कोळसा भरलेला डबा. टाकीतली पेट्रोलची वाफ हवेत जाऊ नये म्हणून तो ती धरून ठेवतो आणि इंजिन चालू असताना पर्ज व्हॉल्व्ह ती वाफ आत ओढू देतो. हे त्याने अगदी नीट समजावलं, आणि ते खरंही आहे. खरं बोलणाऱ्यावर विश्वास बसतोच. वर थोडी भीती घातली, “पुढच्या वर्षी पंधरा वर्षं होतायत ना? आरटीओत पासिंगला दिवा दिसला तर परत पाठवतील. पीयूसीलाही अडेल.” पीयूसीवाला सायलेन्सरच्या नळीत नळी घालून धूर मोजतो, डॅशबोर्डकडे बघतही नाही, हे मला तेव्हाही माहीत होतं. पण भीती घातली की माणसाला माहीत असलेलंही आठवत नाही.

कॅनिस्टरचे 6,800, मजुरी 1,200, स्कॅनिंग पुन्हा 500. मी पक्कं बिल मागितलं, तर म्हणाला, “देतो की. पण टॅक्स वरून लागेल.” आणि मी, बँकेत तीस वर्षं लोकांना पावत्या सांभाळायला सांगणारा माणूस, म्हणालो, “राहू दे.” मिळाला तो वहीच्या पानावर पेनाने लिहिलेला हिशोब, ना नाव ना शिक्का.

संध्याकाळी गाडी घ्यायला गेलो तेव्हा नव्या पार्टचा रिकामा डबा दाखवला. जुना कॅनिस्टर विचारला तर म्हणाला, “भंगारात दिला. त्यात पेट्रोलचा वास राहतो साहेब, इथे ठेवला तर आग लागेल.” उत्तर इतकं तयार होतं की मला त्याच्या काळजीचं कौतुकच वाटलं.

त्याच रविवारी टाकी फुल्ल करून वसईला निघालो. गायमुखच्या चढावर गाडीत पेट्रोलचा वास. बायको म्हणाली, “नवं झाकण लावून आणलंस ना?” उतरून बघितलं. नवं झाकण कितीही फिरवलं तरी ‘टक’ वाजेना, आणि त्याच्याभोवती ओलसर कड. म्हणजे जुनं झाकण टाकी नीट बंद करत होतं आणि कंपनीचं म्हणून घेतलेलं करत नव्हतं. सोमवारी दिवाही परतला. गॅरेजवाल्याचं पुढचं निदान: टाकी खाली उतरवावी लागेल, पाइप सगळे बदलू, अठरा हजार धरून चला.

अठरा हजार ऐकल्यावर डोकं ठिकाणावर आलं.

ऑफिसातल्या एका ड्रायव्हरने राबोडीतल्या एका जुन्या वायरिंगवाल्याकडे पाठवलं. टपरीएवढं दुकान, बाहेर रस्त्यावरच काम. मी तोंड उघडून झाकण-कॅनिस्टरची कथा लावली, तर हातानेच थांबवलं. “कोड काय होता?” मला माहीत नव्हतं. दोन वेळा स्कॅनिंगचे पैसे मोजले होते आणि कोड एकदाही विचारला नव्हता.

त्याने स्कॅनर लावला आणि स्क्रीन माझ्याकडे वळवली. पी0443. “फोटो काढून ठेवा,” म्हणाला. झाकण सैल असल्याचा कोड वेगळा, पी0457. वाफेची मोठी गळती पी0455. पी0443 म्हणजे पर्ज व्हॉल्व्हच्या विजेच्या सर्किटमध्ये दोष. त्याचा झाकणाशी संबंधच नाही. मग त्याने जे सांगितलं त्याने मी गारच झालो. झाकण सैल आहे हे कळायला गाडीला टाकीतला दाब किंवा गळती तपासणारी यंत्रणा लागते. अमेरिकेत विकल्या जाणाऱ्या गाड्यांत ती असते, म्हणून तिकडचे लोक झाकणाबद्दल इतकं लिहितात. माझ्या गाडीत ती यंत्रणाच नव्हती. झाकण काढून खिशात घालून ऐरोलीला गेलो असतो, तरी तो दिवा त्यासाठी लागला नसता. म्हणजे फोनवर वाचलेलं खोटं नव्हतं, ते दुसऱ्या देशातल्या गाडीचं होतं.

बॉनेट उघडून त्याने पर्ज व्हॉल्व्हचा कनेक्टर काढला, मल्टिमीटर लावला. व्हॉल्व्ह ठीक. मग वायर बोटाने चाचपत मागे गेला आणि हसला. उंदीर! आवरण कुरतडून आतली तार तुटलेली, शेजारी लेंड्या आणि पिशवीचे तुकडे. पावसाळ्यात आमच्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये कचऱ्याच्या डब्यालगत माझी जागा आहे. आश्चर्य कसलं! अर्ध्या तासात तार जोडली, वरून जाड टेप आणि नळी. 350 रुपये. त्याने कोड पुसला खरा, पण गाडी दोन दिवस चालवून परत यायला सांगितलं. दुसऱ्यांदा स्कॅनर लावून कोड नाही हे दाखवलं आणि त्याचे पैसे घेतले नाहीत.

मग मी कॅनिस्टर बघायला सांगितलं. त्याने मागून गाडी जॅकवर घेतली आणि मोबाइलचा टॉर्च मारला. टाकीशेजारच्या डब्यावर चिखलाचे थर, पट्टीच्या बोल्टवर गंज, त्या गंजावर पान्याचा एक ओरखडा नाही. त्याला हातही लागला नव्हता. 8,500 रुपये एका रिकाम्या खोक्याचे.

सोसायटीतल्या वकील ताईंना विचारलं. जिल्हा ग्राहक आयोगात पाच लाखांपर्यंतच्या प्रकरणाला फी लागत नाही, 1915 या हेल्पलाइनवरही तक्रार नोंदवता येते, असं त्यांनी उत्साहाने सांगितलं. मग म्हणाल्या, बिल द्या. मी वहीचं पान दिलं. त्यांनी ते उलटून पालटून पाहिलं आणि चहा विचारला.

तरीही मी गॅरेजमध्ये गेलो. भांडायची तयारी होती, पण पी0443चा फोटो दाखवल्यावर तो शांतपणे म्हणाला, “आम्ही पाहिलं तेव्हा दुसरा कोड होता.” यावर काय बोलणार? त्या वेळचा फोटो माझ्याकडे कुठे होता! गंजलेल्या बोल्टचा दाखवला, तर म्हणाला पोऱ्याची चूक असेल, पोऱ्या गावाला गेलाय. पैशांचा विषय काढला की त्याला फोन यायचा. शेवटी म्हटलं, निदान माझं जुनं झाकण तरी दे.

त्याने काउंटरखालून ऑइलचा कापलेला कॅन ओढला आणि माझ्यापुढे ठेवला. “यातलं तुमचं कुठलं ते बघून घ्या.” आत पंधरा-वीस झाकणं होती. बऱ्याच झाकणांच्या रबरालाही काही झालेलं नव्हतं. पट्टी तुटल्यावर बायकोने माझ्या झाकणाला लाल दोरा बांधला होता, त्यावरून ते सापडलं. तिथेच लावलं, ‘टक’ वाजलं. नवं झाकण कॅनमध्ये टाकून निघालो.