दोन सेंटीमीटर, पण कशापासून? स्वस्त आरटीके रिसीव्हर एक पावसाळा वापरून झाल्यावर

2024 च्या दसऱ्याच्या आगेमागे मी आरटीके रिसीव्हरांचा, म्हणजे उपग्रहांवरून सेंटीमीटरमध्ये जागा मोजणाऱ्या यंत्रांचा जोड घेतला. एका जागी उभा राहून दुरुस्ती पाठवणारा बेस, हातात फिरवायचा रोव्हर, पोल, ट्रायपॉड आणि फोनवर चालणारं ॲप, सगळं मिळून लाखाच्या आतबाहेर. मी फोंडा तालुक्यात खाजगी मोजणीची कामं करतो. प्लॉटची मेर दाखवायची, घराच्या प्लॅनसाठी कंटूर काढायचे, कुठे बांधाची लेव्हल घ्यायची, असली कामं. तोवर सगळा कारभार टोटल स्टेशन (दुर्बिणीतून कोन आणि अंतर मोजणारं यंत्र) आणि ऑटो लेव्हलवर (उंचीतला फरक मोजणारी दुर्बीण) चालत होता. नावाजलेल्या कंपन्यांचे संच याच्या चार-पाचपट किमतीला पडतात, त्यामुळे "हे खेळणं टिकणार का?" असं विचारणारे पुष्कळ भेटले. टिकलं. पुढचा पावसाळाही काढला.

आधी निकाल सांगून टाकतो. यंत्र खोटं बोलत नाही, पण अर्धंच बोलतं. स्क्रीनवर ‘फिक्स’ (जागा पक्की) आलं आणि खाली चुकीचा अंदाज 0.014 मीटर दिसला की मोकळ्या जागेत त्या आकड्यावर विश्वास ठेवायला हरकत नाही. फक्त तो आकडा माझ्या बेसपासूनचा आहे. बेस चुकीच्या जागी ठेवला असेल, उंची कुठल्या पृष्ठापासून मोजली ते ठाऊक नसेल, किंवा नकाशाचं प्रक्षेपण विसरलं असेल, तर तेच 0.014 दिसत राहतं आणि माप भलतीकडेच जातं. विकणारे हे सांगत नाहीत, म्हणून मी सांगतो.

आत युब्लॉक्सची झेडईडी-एफ9पी चिप आहे. हल्लीचे बरेचसे स्वस्त रिसीव्हर याच चिपवर चालतात. कंपनीचा दावा आडव्या मापात एक सेंटीमीटर, अधिक बेसपासूनच्या दर किलोमीटरला एक मिलिमीटर. फोनमधला जीपीएस उपग्रहाच्या सांकेतिक संदेशावरून अंतर काढतो, म्हणून तो तीन-पाच मीटर इकडेतिकडे. हे यंत्र खुद्द रेडिओलहर मोजतं. जीपीएसच्या एल-वन या मुख्य लहरीची लांबी साधारण 19 सेंटीमीटर. चालू लहरीचा कितवा भाग अँटेनापाशी आहे हे त्याला मिलिमीटरमध्ये कळतं, पण मधल्या 20,000 किलोमीटरमध्ये पूर्ण लहरी किती झाल्या ते कळत नाही. मिनिटकाटा आहे, तासकाटा नाही, असं घड्याळ म्हणा. ती पूर्ण संख्या सुटली की फिक्स, नाही सुटली की फ्लोट. सगळा खेळ इथे आहे.

सड्यावर हा खेळ काही सेकंदांत आटोपतो. जांभ्याचा कातळ, वर उघडं आकाश, अमेरिकेचा जीपीएस, रशियाचा ग्लोनास, युरोपचा गॅलिलिओ आणि चीनचा बैदू मिळून तीसेक उपग्रह. कातळात ठोकलेल्या खिळ्यांची अंतरं टोटल स्टेशनने घेतली आणि यानेही घेतली, फरक सेंटीमीटरच्या आतला. पोलचा बबल मात्र आधी तपासून घ्या. दोन मीटरचा पोल एक अंश कलला तरी टोक साडेतीन सेंटीमीटर बाजूला जातं, आणि संचाबरोबर आलेल्या पोलचा बबल पहिल्या दिवसापासून बाहेर होता.

कुळागरात, म्हणजे माडा-पोफळीच्या बागेत, गोष्ट वेगळी. सावईवेऱ्याकडे एका भाटकाराच्या (जमीनमालकाच्या) कुळागराची मेर दाखवायची होती. वर माड, मधे पोफळी, पोफळींवर मिरीचे वेल, खाली केळी आणि कोपऱ्यात एक जुना फणस. फिक्स येतच नाही असं झालं असतं तर बरं होतं. तिथे फिक्स यायचा. फणसाखालच्या दगडावर 0.018 दाखवलं, आणि चहा घेऊन परत आलो तर तोच दगड 40 सेंटीमीटर पलीकडे, पुन्हा फिक्स, पुन्हा दोन सेंटीमीटरची हमी. पानांतून विरत आलेला आणि खोडांवर आपटून आलेला सिग्नल मिसळला की यंत्र लहरींची चुकीची संख्या पक्की धरून बसतं. यावर उपाय एकच: रिसीव्हर बंद करून, अर्ध्या तासाने, उपग्रहांची मांडणी बदलल्यावर तोच दगड परत घ्यायचा. जुळला तर लिहायचा. पाऊस पडून गेल्यावर पानं ओली असताना तर प्रयत्नही करू नका. मी आता कुळागराबाहेर मोकळ्यावर दोन पॉइंट या यंत्राने पक्के करतो आणि तिथून आत टोटल स्टेशन नेतो. वेळ निम्म्यावर आला, कारण पूर्वी तेच दोन पॉइंट लांबून ट्रॅव्हर्स ओढत, म्हणजे टप्प्याटप्प्याने मोजत, आणावे लागायचे.

क्षेत्रफळाचा मुद्दा गोव्यात जास्त झोंबतो, कारण इथे जमीन चौरस मीटरवर विकली जाते. ॲप यूटीएम या नकाशा-प्रक्षेपणाच्या झोन 43 मध्ये निर्देशांक देतं. या झोनची मध्यरेषा 75 अंश पूर्वेला, आणि तिथे मुद्दाम 0.9996 ने अंतर आखडलेलं असतं. फोंडा त्या रेषेपासून शंभरेक किलोमीटर पश्चिमेला. हिशोब केला तर इथला गुणक साधारण 0.99974 निघतो, म्हणजे जमिनीवरच्या एका किलोमीटरला नकाशावर 26 सेंटीमीटर कमी. हेक्टरमागे पाच चौरस मीटर गायब! एक-चौदाच्या उताऱ्यावरच्या (गोव्यातला सातबारा) आकड्याशी ताडताना गिऱ्हाईक पहिला प्रश्न यावरच काढतं. ॲपमध्ये ‘ग्राउंड’ अंतराची सोय आहे, पण ती मेनूच्या इतकी आत पुरलेली आहे की मुद्दाम शोधल्याशिवाय कोणाला सापडायची नाही.

जुन्या टोपोशीटवरून निर्देशांक घेऊन तिथे रोव्हर न्यायचा विचार असेल तर तो सोडा. त्या शीट एव्हरेस्टच्या 1830 च्या लंबगोलावर (पृथ्वीचा गणिती आकार) आहेत, यंत्र डब्ल्यूजीएस-84 या जागतिक लंबगोलावर, आणि गोव्यात या दोहोंतली तफावत शंभर मीटरहून जास्त. विल्यम लॅम्बटन या इंग्रज अधिकाऱ्याने 1802 मध्ये मद्रासला सुरू केलेल्या त्रिकोणमितीय मोजणीतून तो लंबगोल निघाला, आणि तो भारतीय उपखंडाला नीट बसावा असा बेतलेला होता. लॅम्बटन वारला तो आपल्या हिंगणघाटला, 1823 मध्ये. मोजणी वाईट नव्हती. तिचा केंद्रबिंदू पृथ्वीच्या केंद्रावर नव्हता, एवढंच.

आता खाजन, म्हणजे बांध घालून खाऱ्या पाण्यापासून राखलेली शेतं. उंचीबद्दल मी जे शिकलो ते तिथेच. चोडणच्या बाजूला एका बांधाची डागडुजी करायची होती, मानशीपासून (बांधातलं पाण्याचं दार) बांधाची लेव्हल काढून द्या म्हणून बोलावलं. रोव्हर बांधावर टेकवला, फिक्स आला, आणि उंची उणे ऐंशीच्या आसपास. बाजूला उभे असलेले एक वयस्कर शेतकरी स्क्रीनकडे वाकून पाहत होते. म्हणाले, "आमी इतले सकयल आसात?" (आम्ही इतके खाली आहोत?) मग हसले आणि म्हणाले, "तें सोड बाब, उदक खंय वता तें सांग." (ते सोड, पाणी कुठे जातं ते सांग.)

त्यांनी नेमका मुद्दा धरला. यंत्र उंची मोजतं ती गणिती लंबगोलापासून, ज्याची विषुववृत्तीय त्रिज्या 6378137 मीटर धरलेली आहे. पाणी मात्र गुरुत्वाकर्षण सांगेल तसं वाहतं आणि समुद्राची सरासरी पातळी गुरुत्वाच्या पृष्ठावर, जिऑइडवर, बसते. आपल्याकडे हे पृष्ठ लंबगोलाच्या खूप खाली आहे. श्रीलंकेच्या दक्षिणेला हिंदी महासागरात ते जगात सर्वांत खोल, उणे 106 मीटर, आणि आपली किनारपट्टी त्याच खळग्याच्या उतारावर. तो खळगा का पडला यावर बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतल्या संशोधकांनी 2023 मध्ये काम प्रसिद्ध केलं, प्रावरणातून वर येणाऱ्या उष्ण, हलक्या पदार्थाशी त्याचा संबंध जोडणारं. बांधाच्या कामाला अर्थात ते कारण लागत नाही, उतार लागतो. दक्षिणेकडे जाताना किलोमीटरमागे दोन-तीन सेंटीमीटर फरक पडत जातो, म्हणून "ऐंशी मिळवा आणि विसरा" हा शॉर्टकट एका शेतात चालेल, तालुक्याला चालणार नाही.

ॲपमध्ये ईजीएम-96 हे जिऑइडचं मॉडेल आहे. ते चालू केलं की उंची माणसात येते, पण जवळच्या बेंचमार्कशी (उंची ठरवून दिलेली सरकारी खूण) ताडली तर हातभर फरक राहिला. ईजीएम-2008 घातल्यावर तो बराच कमी झाला, संपला नाही. संपणारही नाही, कारण बेंचमार्कची समुद्रसपाटी ही स्वतःच एक ठरवलेली गोष्ट आहे. आपल्या देशाची जुनी उंचीची व्यवस्था 1909 ची, किनाऱ्यावरच्या नऊ भरतीमापन ठिकाणांच्या सरासरीवर बसवलेली. त्यात आपल्या शेजारचं कारवार आहे. मुरगाव नाही. तेव्हा गोवा पोर्तुगिजांकडे होता.

शेवटी पद्धत अशी बसवली: बेंचमार्कवर रोव्हर ठेवून फरक काढायचा, तो त्या कामापुरता सगळ्या उंच्यांना लावायचा, आणि बांधाची अंतिम लेव्हल ऑटो लेव्हलने घ्यायची. आरटीकेची उंची आडव्या मापापेक्षा दीड-दोनपट ढिली असतेच. उपग्रह सगळे डोक्यावर, पायाखाली एकही नाही, त्यामुळे वरखालीची चूक कापली जात नाही. त्यात बेस सड्यावर आणि रोव्हर खाजनात असला आणि हवा आषाढातली असली, तर मधल्या दमट हवेचा उशीर दोघांना सारखा नसतो. बेस खाली, बांधाजवळच लावा.

बेसची जागा पक्की करायला दोन वाटा आहेत. एक, सर्वे ऑफ इंडियाच्या कॉर्स जाळ्यात (कायम चालू असलेली केंद्रं) नोंदणी करून इंटरनेटवरून दुरुस्ती घ्यायची. चालते तेव्हा उत्तम चालते, पण डोंगराच्या कुशीतल्या वाड्यांवर मोबाइलची रेंज गेली की रोव्हर नुसता उभा. दुसरी, घराच्या टेरेसवर दिवसभर कच्चा डेटा नोंदवून कॅनडा सरकारच्या फुकट पीपीपी (बेसशिवाय अचूक जागा काढणाऱ्या) सेवेला पाठवायचा. उपग्रहांच्या अचूक कक्षा आणि घड्याळं वापरून ती सेंटीमीटरमध्ये जागा कळवते. पक्क्या कक्षा तयार व्हायला दोनेक आठवडे लागतात, घाई नसेल तर तेवढं थांबावं.

हे मी दसऱ्यानंतर केलं आणि मे महिन्याच्या शेवटी पुन्हा केलं. टेरेसवरचा तोच बोल्ट, तोच अँटेना. उत्तर ईशान्येकडे तीन-साडेतीन सेंटीमीटर सरकलेलं. घर कुठे गेलं नाही, भारताचं भूपट्टच वर्षाला पाचेक सेंटीमीटर ईशान्येला जातंय, आणि पीपीपीचं उत्तर त्या दिवसाच्या जागतिक चौकटीत येतं. बंगळूर आणि हैदराबादची कायमची केंद्रं हेच कित्येक वर्षं नोंदवत आलीयत. पुस्तकात वाचलेली गोष्ट लाखाच्या यंत्राने स्वतःच्या टेरेसवर दाखवली, याचं मला अजून अप्रूप आहे. कामाच्या दृष्टीने मतलब हा, की निर्देशांकाशेजारी तारीख लिहा. 2005 च्या चौकटीतला दगड आजच्या पीपीपीने शोधायला गेलात तर मीटरभर लांब खणाल. बेस आणि रोव्हर एकाच भूपट्टावर असल्याने रोजच्या आरटीकेला याचा त्रास नाही.

रात्रीच्या नोंदींत मात्र भोकं होती. सूर्यास्तानंतर आठ ते अकराच्या सुमारास, विशेषतः मार्च-एप्रिलमध्ये, सिग्नल तुटक यायचा. दोष यंत्राचा नाही. चुंबकीय विषुववृत्त केरळातल्या थुंब्याजवळून जातं, रॉकेट सोडायला ती जागा निवडली ती त्यामुळेच, आणि त्या पट्ट्यात संध्याकाळी आयनोस्फियर, म्हणजे वातावरणाचा वरचा विद्युतभारित थर, खळबळतं. सौरचक्राचा कळस 2024 च्या आसपास आल्याने त्या मोसमात जास्तच. एरवीचा आयनोस्फियरचा उशीर दोन फ्रिक्वेन्सी वापरून कापता येतो, ही तुटक मात्र कापता येत नाही. महत्त्वाची कामं सकाळी उरका.

यंत्राविषयीच्या तक्रारी: बॅटरी लिहिल्यापेक्षा बरीच कमी चालते. ‘वॉटरप्रूफ’ लिहिलंय, पाऊस सोसतं, पण खाऱ्या वाऱ्याने अँटेनाचा कनेक्टर हिरवा पडला आणि जुलैमध्ये फिक्स मधेच सुटायला लागला. ज्यांच्याकडून घेतलं त्यांनी दोन निळ्या टिका दिल्या, उत्तर दिलं नाही. कनेक्टर पणजीला बदलून घेतला, आता त्यावर रबरी टोपी आणि ग्रीस. ॲप मात्र चांगलं, मराठी नावं बिनतक्रार घेतं.

नव्याने घेणारा असाल तर एल-फाइव्ह ही उपग्रहांची आणखी एक फ्रिक्वेन्सी पकडणारं मॉडेल बघा. माझं एल-वन आणि एल-टूवर चालतं, त्यामुळे आपला नाविक (भारताची स्वतःची उपग्रह-व्यवस्था) त्यात दिसतच नाही. त्याचे कामाचे उपग्रह सध्या मोजकेच आहेत, आणि जानेवारी 2025 मध्ये सोडलेला एनव्हीएस-02 ठरल्या कक्षेत पोचला नाही, पण जे आहेत त्यांतले काही आपल्या डोक्यावर उंच असतात, आणि माडांमधून आकाशाचा तेवढाच तुकडा दिसतो. टोटल स्टेशन विकायला काढलं असेल तर जाहिरात काढून घ्या.