लव्ह ट्रॅक्स – ग्लोरिया गेनर : एका गाण्यासाठी पण घ्याच

डिस्को म्हणजे नुसती धडधड असं ज्यांना वाटतं ना, त्यांनी ही १९७८ ची एलपी हेडफोन लावून ऐकाच, निदान 'आय विल सर्व्हाइव्ह' तरी. ग्लोरिया गेनरचं तेव्हा खरंच अवघड चाललं होतं, 'नेव्हर कॅन से गुडबाय' गाजून तीनचार वर्षं झालेली, नंतर तेवढं मोठं काही नाही, त्यात स्टेजवर पडली, पाठीचं ऑपरेशन झालं आणि हे गाणं तिने पाठीला ब्रेस बांधून गायलंय.

पण मला खरी कमाल वाटते प्रोड्युसर लोकांची. डिनो फेकारिस आणि फ्रेडी पेरेन, दोघंही मोटाउन या रेकॉर्ड कंपनीच्या तालमीतले, पेरेनचा तर जॅक्सन फाइव्ह (मायकल जॅक्सन आणि भावांचा बँड) च्या पहिल्या हिट्समध्ये हात. फेकारिसची मोटाउनमधली नोकरी गेली होती आणि त्यातूनच हे गाणं सुचलं. आता करामत बघा, आठ कॉर्ड्सची एकच साखळी पहिल्यापासून शेवटपर्यंत फिरते, कडव्याला तीच आणि ध्रुवपदालाही तीच, म्हणजे गाणं चढवायचं ते फक्त वाद्यांनी आणि गळ्याने. सुरुवातीला पियानोची एक सर, मग ठेका नसताना जवळजवळ बोलल्यासारख्या ओळी, मग ड्रम आणि बास येतात आणि हळूहळू स्ट्रिंग्ज वर चढत जातात. मागे कोरस नाहीच! तेव्हाच्या डिस्कोत बायकांचा कोरस म्हणजे ठरलेलाच, इथे ती एकटी उभी आहे आणि गाणं एकटीने उभं राहण्याचंच आहे, किती विचार केलाय यांनी.

आणि पॉलिडॉर या रेकॉर्ड कंपनीने हे टाकलं कुठे, तर बी साइडला! ए साइडला 'सब्स्टिट्यूट', जे ऐकायला बरं आहे, बस्स. न्यूयॉर्कच्या स्टुडिओ ५४ या डिस्को क्लबच्या रिची काझोरसारख्या डीजेंनी रेकॉर्ड उलटी करून वाजवली, लोक वेडे झाले, मार्च १९७९ मध्ये अमेरिकेत एक नंबर, १९८० मध्ये बेस्ट डिस्को रेकॉर्डिंगचं ग्रॅमी, जे त्या एकाच वर्षी दिलं गेलं.

बाकीची गाणी ठीकठाक, पार्टीत चालतील, 'एनीबडी वॉना पार्टी' त्यातल्या त्यात छान. पण घेणार असाल तर एलपी किंवा बारा इंची सिंगल (गाण्याची लांब आवृत्ती असलेली रेकॉर्ड) घ्या, रेडिओसाठी कापलेली सव्वातीन मिनिटांची नको, तिच्यात स्ट्रिंग्जना रंगायला वेळच मिळत नाही. बारा इंचीवर आठेक मिनिटं आहेत आणि मला तीही कमीच वाटतात.