गॅस स्टेशनच्या पंपावर कार्ड स्वाइप करताय? आधी हे वाचा

कार्ड पाकिटातच असतं, कोणाच्या हातात दिलेलं नसतं. तरी एक दिवस स्टेटमेंटवर एक-दोन डॉलरची अनोळखी खरेदी दिसते आणि पाठोपाठ काहीशे डॉलरची. अमेरिकेत पंपावर कार्ड स्वाइप करणाऱ्यांची फसवणूक अनेकदा अशी उघडकीस येते. पहिली किरकोळ रक्कम म्हणजे कार्ड चालतंय का, याची चोराने घेतलेली चाचणी. ती दिसताक्षणी बँकेला फोन करून कार्ड बंद करा. गॅस (म्हणजे पेट्रोल) भरल्यावर त्याच स्टेशनच्या नावाने एक डॉलर किंवा 175 डॉलरपर्यंतची रक्कम अडकलेली दिसली तर मात्र घाबरू नका. तो तात्पुरता होल्ड असतो, खरं बिल लागलं की सुटतो.

कार्डाची माहिती चोरणारं छोटं यंत्र म्हणजे स्किमर. बाहेरून लावलेला स्किमर म्हणजे कार्ड रीडरच्या तोंडावर बसवलेलं हुबेहूब प्लास्टिकचं झाकण. रीडर बोटांनी धरून हलवा, शेजारच्या पंपाशी ताडून पाहा. सैल वाटला किंवा कीपॅड फुगीर दिसला, तर तिथे कार्ड घालू नका.

खरा धोका आतल्या स्किमरचा. एकाच किल्लीने अनेक पंपांची दारं उघडतात, आणि ती किल्ली मिळवणं चोरांना अवघड गेलेलं नाही. रीडरपासून आतल्या बोर्डाकडे एक चपटी, पट्टीसारखी वायर जाते. तिच्या मध्येच छोटंसं सर्किट जोडलं जातं. वीज पंपाचीच मिळते, म्हणून बॅटरी संपत नाही. त्यात ब्लूटूथ असेल तर चोर जवळ गाडी उभी करून सगळे नंबर उतरवून घेतो, पुन्हा दार उघडायची गरजच नाही. त्यामुळे रीडर घट्ट आहे म्हणजे पंप सुरक्षित, असं समजू नका. दाराच्या फटीवर सीलची पट्टी असेल तर ती बघा. सोललेल्या सीलवर 'व्हॉइड' अशी अक्षरं उमटतात. पण सील शाबूत दिसलं तरी खात्री नाही, कारण चोर नवं चिकटवू शकतो.

हे सगळं चालतं ते मॅग्नेटिक पट्टीमुळे. पट्टीवरची माहिती कधी बदलत नाही, एकदा कॉपी झाली की दुसऱ्या कार्डावर उतरते. चिप आणि टॅप (कार्ड रीडरला नुसतं टेकवणं) मात्र दर व्यवहाराला नवा कोड देतात. पंपांना चिप यायला फार उशीर झाला: चिप न बसवणाऱ्या पंपमालकांवर फसवणुकीचा भुर्दंड टाकायची 2017 ची मुदत 2020 वर आणि मग एप्रिल 2021 वर ढकलली गेली. या दिरंगाईची किंमत ग्राहकांनी मोजली. टॅपची खूण असेल तर टॅपच करा. पंप फक्त स्वाइप मागत असेल, तर आत काउंटरवर जाऊन पैसे द्या. चार पावलं जास्त पडतील, इतकंच.

डेबिट कार्ड पंपावर नकोच. पिन चोरीला गेला तर थेट खात्यातले पैसे जातात. क्रेडिट कार्डावर तुमची जबाबदारी कायद्याने जास्तीत जास्त 50 डॉलर. डेबिट कार्डच हरवलं किंवा चोरीला गेलं आणि ते कळल्यापासून दोन कामकाजाच्या दिवसांत कळवलं नाही, तर ही जबाबदारी 500 डॉलरपर्यंत जाऊ शकते. कार्ड तुमच्याकडेच असून फक्त माहिती चोरीला गेली, तरी वेळेत कळवा: स्टेटमेंट पाठवल्यापासून 60 दिवस उलटले तर त्यानंतरच्या चोरीला मर्यादाच उरत नाही. नाइलाजाने डेबिट वापरलंच, तर 'क्रेडिट' निवडा म्हणजे पिन टाकावा लागत नाही.