हिरव्या डब्यातली चौथी डिस्क

आमच्या कपाटात ‘द लॉर्ड ऑफ द रिंग्ज’चा पहिला भाग, म्हणजे ‘द फेलोशिप ऑफ द रिंग’, दोनदा आहे. एक साधी दोन डिस्कची डीव्हीडी. दुसरा चार डिस्कचा डबा, गडद हिरवा, जुन्या कातडी बांधणीच्या पुस्तकासारखा दिसणारा. नेपथ्य शिकायला येणारी मुलं दोन्ही बघून हमखास विचारतात, “ताई, एकच सिनेमा दोनदा का? आणि आम्ही घ्यायचा तर कुठला?” त्यांना जे सांगते तेच इथे लिहिते आहे.

मी नाटकांचं नेपथ्य करते. जास्त करून एकांकिका आणि प्रायोगिक नाटकं, म्हणजे पैसे कमी आणि टेम्पोत मावेल तेवढंच सामान. माझे बाबा सांगलीत सुतारकाम करायचे. हे आधीच सांगते, कारण हा डबा मी या दोघांच्या नजरेतून बघितलाय आणि माझं मतही तिथूनच आलंय.

साधी आवृत्ती बाजारात आली ऑगस्ट 2002 मध्ये आणि विस्तारित आवृत्ती, म्हणजे हा हिरवा डबा, त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये. मी साधी घेतली पुण्यात, पहिल्या नाटकाचं मानधन हातात पडल्यावर. सिनेमा थिएटरात पाहिला होता तोच, 178 मिनिटांचा. दुसऱ्या डिस्कवर टीव्हीसाठी केलेले माहितीपट, वेबसाइटसाठी बनवलेल्या छोट्या फिती आणि एका गाण्याचा व्हिडिओ. त्यातलं बरंचसं जाहिरातीच्या अंगाने जाणारं. नट एकमेकांचं कौतुक करतात, न्यूझीलंडचे डोंगर दिसतात, की संपलं. आणि त्याच डिस्कवर येऊ घातलेल्या मोठ्या डब्याची झलकही होती. ती बघितली आणि माझं मन तिथेच अडकलं. एका माणसाने हाताने कोरलेली कमान दोन सेकंद दिसली आणि गेली. मला ती कमान बघायची होती.

डबा आला तीन वर्षांनी. न्यू जर्सीला असणारा माझा मामेभाऊ दिवाळीला येताना घेऊन आला. डीव्हीडी जगाच्या ज्या विभागासाठी (रीजन) बनते तिथल्याच प्लेअरवर चालते; अमेरिकेतल्या डीव्हीडी रीजन 1 च्या, आपल्याकडचे प्लेअर रीजन 5 चे, त्यामुळे पहिल्या रात्री पडद्यावर नुसती सूचना. दुसऱ्या दिवशी दुकानदाराने रिमोटवरून कोड टाकून प्लेअर सगळ्या रीजनसाठी उघडून दिला. परदेशातून डिस्क मागवणाऱ्यांनी हे आधी तपासावं. ब्लू-रे या डीव्हीडीनंतर आलेल्या डिस्कचे विभाग आणखी वेगळे: भारत ‘सी’ मध्ये येतो, अमेरिका ‘ए’ मध्ये, ब्रिटन ‘बी’ मध्ये. 4के या त्याहून बारीक चित्राच्या डिस्कला विभागाची अट नाही.

आता सिनेमाबद्दल. मोठ्या डब्यात तो 208 मिनिटांचा आहे, दोन डिस्कवर तोडलेला. एल्फांचा प्रमुख एल्रॉन्ड याच्या सभेत अंगठी नष्ट करायला निघणाऱ्या नऊ जणांची टोळी ठरते तिथे पहिली डिस्क संपते. मध्यंतरासाठी इतकी नेमकी जागा आपल्याकडच्या दोन अंकी नाटकांतही क्वचित सापडते. वाढवलेल्या अर्ध्या तासात मला सगळ्यात मोलाचा वाटतो तो लोथ्लॉरियन या एल्फांच्या वनातला निरोपाचा प्रसंग. तिथली राणी गॅलाड्रिएल टोळीतल्या प्रत्येकाला काही ना काही देते. नायक फ्रोडोचा सोबती सॅम, त्याला दोर मिळतो. गिमली हा खुजा योद्धा तिच्या डोक्यावरचा एक केस मागतो आणि ती तीन देते. छोट्या आवृत्तीत हे जवळजवळ सगळं गेलंय, आणि पुढे तो दोर हातात दिसतो तेव्हा तो कुठून आला हे प्रेक्षकाला कळत नाही. प्रॉपर्टी सांभाळणाऱ्या माणसाला ही गोष्ट टोचतेच. संगीतकार हॉवर्ड शोअर यांनी वाढीव दृश्यांसाठी संगीतही नव्याने केलं, त्यामुळे ठिगळ लावल्यासारखं कुठे वाटत नाही.

तरी पहिल्यांदा बघणाऱ्याला मी छोटीच आवृत्ती बघायला सांगते. तिची लय घट्ट आहे. दुसऱ्या भागाची मात्र मोठीच हवी: 179 च्या जागी 223 मिनिटं, पण फारामिर, त्याचा भाऊ बोरोमिर आणि त्यांच्या बापाचा ओसगिलियाथ शहरातला प्रसंग नसेल तर फारामिर नुसता आडमुठा वाटतो. धाकट्या मुलाला बापाने कसं सतत मागे ठेवलं ते पाहिलं की त्याचं सगळं वागणं उलगडतं. तिसऱ्या भागात 201 ची 251 मिनिटं होतात आणि तिथे मी दमते. पण थिएटरच्या आवृत्तीतून सारुमानचा शेवटच काढून टाकला होता, तो इथे परत येतो. इतक्या मोठ्या खलनायकाला न दाखवता निरोप देणं मला तेव्हाही पटलं नव्हतं.

एवढ्यासाठी कुणी मोठा डबा घ्यावा का? फक्त लांब सिनेमासाठी असेल, तर मी नको म्हणेन. डबा घ्यायचा तो तिसऱ्या आणि चौथ्या डिस्कसाठी. त्यांना सिनेमावाल्यांनी ‘परिशिष्टं’ म्हटलंय, मूळ कादंबरीच्या शेवटी असतात तशी. तिसरीत पुस्तकापासून चित्रापर्यंतचा प्रवास आहे: ॲलन ली आणि जॉन होव या दोन चित्रकारांची पेन्सिलीची रेखाटनं, पटकथा, कपडे, शस्त्रं. चौथीत चित्रापासून प्रत्यक्षापर्यंतचा.

चौथ्या डिस्कवर मापाबद्दल एक प्रकरण आहे. ते मी किती वेळा पाहिलं याची मोजदाद नाही. प्रश्न साधा: गॅन्डाल्फ हा जादूगार उंच, फ्रोडोसारखे हॉबिट म्हणजे बुटके लोक त्याच्या कमरेएवढे, आणि नट तर सगळे नेहमीच्या उंचीचे. मग एका चौकटीत दाखवायचे कसे? जुनी युक्ती अशी, की उंच दिसायचा तो कॅमेऱ्याजवळ, बुटका दिसायचा तो मागे, आणि दोघांच्या मधलं टेबल दोन तुकड्यांत, वेगवेगळ्या मापाचं, अशा कोनात जोडलेलं की कॅमेऱ्याला ते एकच भासतं. गाडीवरच्या दृश्यात फ्रोडो गॅन्डाल्फच्या शेजारी बसलेला वाटतो, प्रत्यक्षात तो बराच मागे बसलाय. यात मेख अशी की कॅमेरा जरा हलला की सांधा उघडा पडतो. तर यांनी काय केलं, मागचा नट आणि सेटचा तो भाग सरकत्या पाटावर चढवला आणि कॅमेऱ्याच्या हालचालीला बांधून टाकला. कॅमेरा सरकतो तसा पाटही सरकतो आणि खोटं टिकून राहतं. शिवाय बॅग एन्ड हे फ्रोडोचं घरच दोन मापांत बांधलं, एक गॅन्डाल्फला ठेंगणं पडेल असं आणि एक हॉबिटांना बरोबर होईल असं. मोठ्या घरातली प्रत्येक वस्तू लहान घरात त्याच डागांसकट, त्याच ओरखड्यांसकट. लांबून दिसणाऱ्या हॉबिटांच्या जागी किरण शाह उभे राहायचे, नैरोबीत जन्मलेले, सव्वाचार फुटांच्या आतले कसलेले स्टंट कलाकार. त्यांचं काम या डिस्कमुळे मला कळलं. सिनेमात ते ओळखू येऊ नयेत हेच तर त्यांचं काम.

हे पाहून मी एका एकांकिकेत मागे लहान होत जाणाऱ्या चार चौकटी उभ्या केल्या, लांबच लांब वाड्याची ओसरी दिसावी म्हणून. मधल्या रांगांतून सुरेख दिसलं. कडेच्या खुर्च्यांवरून सगळं उघडं. सिनेमात डोळा एकच असतो, नाटकात प्रत्येक खुर्ची हा वेगळा डोळा. पुढच्या प्रयोगाला मी चौकटी तशाच ठेवल्या, पण त्यांच्या पुढे दोन विंगा जवळ ओढून अरुंद फट ठेवली. बघण्याची जागाच चिंचोळी झाल्यावर कडेच्या माणसालाही जवळपास तेच दिसायला लागलं. पुस्तकात वाचलेला पर्स्पेक्टिव्ह मला त्या दिवशी हाताने कळला.

बाबांना इंग्रजी येत नाही. सिनेमा त्यांना आवडला, पण मधे डुलकी लागली. चौथी डिस्क मात्र त्यांनी सलग पाहिली. वेटा या न्यूझीलंडच्या कंपनीच्या कारखान्यात बनवलेल्या प्रतिकृती, ज्यांना ते ‘मिनिएचर’ न म्हणता गंमतीने ‘बिगेचर’ म्हणतात इतक्या मोठ्या, त्या आल्या आणि बाबा खुर्ची पुढे ओढून बसले. एल्रॉन्डच्या रिव्हेन्डेलच्या कमानी आल्यावर म्हणाले, “थांबव. मागं घे. रेषा लाकडाच्या उभ्या धाग्यानं गेलीय बघ.” मग बॅग एन्डच्या गोल दारावर अर्धा तास चर्चा. चौकोनी दाराला तीन बिजागऱ्या एका रेषेत बसतात, गोल दाराची कड वळलेली, मग सगळा भार एका ठिकाणी येतो, तो कसा पेलायचा? त्यांनी पाटीवर खडूने काढून दाखवलं. पुढे दुसऱ्या भागाचा डबा आला, त्यात हेल्म्स डीप या किल्ल्याची 1:35 मापाची प्रतिकृती. बाबांनी लगेच हिशेब केला, “म्हणजे 35 फुटांची भिंत इथं एक फूट. मग एका दगडाची फट किती ठेवली असेल?” भाषा न येता ते त्या कारागिरांशी बोलत होते.

बाकीचं भराभर सांगते. पीव्हीसीच्या नळ्या कापून केलेल्या कोटीहून जास्त कड्या हाताने ओवून चिलखतं बनवली, ओवणाऱ्यांच्या बोटांचे ठसे झिजले. हॉबिटांच्या पायांचे सुमारे 1800 जोड लागले, कारण एकदा चिकटवून काढलेला जोड पुन्हा वापरता येत नाही. हॉबिटन हे हॉबिटांचं गाव न्यूझीलंडमधल्या मटामाटाजवळच्या शेतावर शूटिंगच्या वर्षभर आधी लावून ठेवलं, झाडं तिथलीच वाटावीत म्हणून. आणि क्रिकेटवाल्यांसाठी दुसऱ्या डब्यात एक सुंदर भाग आहे: ऑर्क या राक्षसांच्या दहा हजारी सेनेची आरोळी कुठून आणायची? वेलिंग्टनच्या स्टेडियममध्ये 2002 साली न्यूझीलंड-इंग्लंड एकदिवसीय सामना होता. डावांच्या मधल्या वेळात दिग्दर्शक पीटर जॅक्सन मैदानात गेले आणि 25 हजार प्रेक्षकांकडून घोषणा म्हणवून घेतल्या, छात्या बडवून घेतल्या. सेना म्हणून आपण ऐकतो ती ही गर्दी.

मोठ्या आवृत्तीवर चार कॉमेंटरी, म्हणजे सिनेमा चालू असताना ऐकायची निवेदनं, आहेत: दिग्दर्शक-लेखकांची, कला विभागाची, निर्मितीची आणि नटांची. बोलणारा बदलला की पडद्यावर त्याचं नाव येतं. कला विभागाची लावून मी कित्येक रात्री सेटचे फ्लॅट, म्हणजे नाटकातल्या उभ्या भिंती, रंगवलेत.

आता आज काय घ्यावं. इथे नावांनी फसू नका. 2006 ची ‘लिमिटेड एडिशन’ ऐकायला भारी वाटते. तिच्यात सिनेमाच्या दोन्ही आवृत्त्या आणि कोस्टा बोट्स यांचा माहितीपट आहे, पण परिशिष्टं नाहीत. 2020 ची 4के आवृत्ती चित्रासाठी सर्वोत्तम, दोन्ही लांबीचे सिनेमे तिच्यात आहेत, आणि 2011 च्या ब्लू-रेवर पहिल्या भागाला चढलेली हिरवट झाक तिने दूर केली. पण परिशिष्टं तिच्यातही नाहीत. 2011 च्या विस्तारित ब्लू-रे संचात 15 डिस्क आहेत, त्यातल्या 6 ब्लू-रेवर सिनेमे. परिशिष्टं आहेत, पण ती जुन्याच डीव्हीडींवर. म्हणजे ज्याला नुसता सिनेमा डोळे भरून बघायचाय त्याने 4के घ्यावी. ज्याला तो कसा बांधला हे बघायचंय त्याने 2002, 2003 आणि 2004 चे जुने चार डिस्कचे डबे शोधावेत, हिरवा, लाल आणि निळा. वापरलेले मिळाले तरी चालतील. ब्रिटनमधले घ्याल तर ते पाल पद्धतीचे, सेकंदाला 25 चौकटींचे, म्हणून सिनेमा काही मिनिटं लवकर संपतो. काही कापलेलं नसतं. घेताना चारही डिस्क उजेडात तिरक्या धरून बघा, विशेषतः शेवटची.

माझी साधी आवृत्ती मी आता देऊन टाकणार आहे, पहिल्यांदा सिनेमा बघणाऱ्या कुणाला तरी. हिरव्या डब्यात सध्या तीनच डिस्क आहेत. चौथी एका मुलीकडे आहे, तिला सहा बाय चार फुटांच्या जागेत अख्खी विहीर दाखवायची आहे. पुरुषोत्तम करंडक एकांकिका स्पर्धेची प्राथमिक फेरी होईपर्यंत तिच्याकडेच राहू दे म्हटलंय.