५०,००० एमएएचची पॉवर बँक आणि आतली वाळू

११,०९९ रुपये गेले. आकडा आधीच सांगून टाकतो, कारण ज्याला सांगावं तो पहिल्यांदा तेवढंच विचारतो आणि ऐकलं की हसतो. "डॉक्टर, आम्हाला वाटलं लाखांत बुडालात." लाखांत बुडालो असतो तर निदान पोलीस ठाण्यात बसायला खुर्ची मिळाली असती.

मी अकोले तालुक्यात गुरांचा डॉक्टर आहे, खासगी. गाय अडली की बोलावणं हटकून रात्रीचं येतं, तेही अशा वाडीवरून जिथे पावसाळ्यात लाइट चार-चार दिवस तोंड दाखवत नाही. डोक्याला बांधायची बॅटरी, खिशात एक टॉर्च आणि फोन जिवंत ठेवायला पॉवर बँक, या तीन वस्तू माझ्या बॅगेत कॅल्शियमच्या बाटलीइतक्याच गरजेच्या. हौस म्हणून घेतलेलं खेळणं नव्हतं ते. हे मुद्दाम सांगतोय, कारण "कशाला घ्यायच्या असल्या फॅन्सी वस्तू" हेही ऐकून झालंय.

जाहिरात फोनवर आली. डोंगरात उभा असलेला लष्करी पोशाखातला माणूस, पाण्यात बुडवलेली टॉर्च, गाडीचं चाक वरून गेलं तरी न फुटणारी पॉवर बँक. डोक्याची बॅटरी, टॉर्च, ९,९०० एमएएचचे (सेलमध्ये किती वीज मावते त्याचं हे माप) दोन सेल आणि ५०,००० एमएएचची पॉवर बँक, सगळं मिळून २,४९९. त्यातले १९९ आधी यूपीआयने, उरलेले २,३०० माल हातात आल्यावर. माल हातात आल्यावर पैसे म्हणजे धोका नाही, हे आपल्याला सगळेच सांगतात. मलाही तेच वाटलं. पण कुरिअरचा पोरगा आधी पैसे घेतो, मग खोकं देतो, आणि तुम्ही चिकटपट्टी कापेपर्यंत त्याची गाडी वळणापलीकडे गेलेली असते. समजा त्याच्यासमोर उघडलं असतं तरी काय दिसलं असतं? टॉर्च लागत होती. पॉवर बँकेचे चारही दिवे जळत होते. खोक्यात दगड निघाला तर माणूस बोंब मारतो. इथे वस्तू निघते, चालते, आणि बोंब मारायची वेळ येईपर्यंत विकणारा नावगाव बदलून बसलेला असतो.

आता तो क्षण, ज्याच्यावरून मी आजही रात्री कूस बदलतो. पॉवर बँक आली त्या संध्याकाळी चार्जिंगला लावली. जेवण झालं, बातम्या पाहिल्या, दीड तासात चारही दिवे स्थिर. मी बायकोला म्हणालो, "बघ, किती पटकन भरली!" खूश झालो मी, खूश! पाचवीतल्या पोरालाही जमेल असं गणित होतं. ५०,००० एमएएच गुणिले सेलचा ३.७ व्होल्ट म्हणजे १८५ वॅट-तास. माझा चार्जर ५ व्होल्ट, २ अँपियरचा, म्हणजे १० वॅटचा. खरी असती तर अठरा तासांहून जास्त वेळ लागायला हवा होता. दीड तासात भरणाऱ्या भांड्याचा तळ किती खोल असणार? शिवाय १८५ वॅट-तासांची पॉवर बँक कुणी विमानात चढूच देणार नाही. १०० पर्यंत चालते, १०० ते १६० ला विमान कंपनीची परवानगी लागते, त्यापुढे नाहीच. जाहिरातीत मात्र "विमान प्रवासासाठी योग्य" असं ठळक लिहिलेलं.

दुसरी खूण वजनाची. लिथियमचा १८६५० सेल, म्हणजे १८ मिलिमीटर जाड आणि ६५ मिलिमीटर लांब, चांगल्या कंपनीचा असला तर ४५ ते ५० ग्रॅम भरतो आणि त्यात साधारणपणे जास्तीत जास्त ३,५०० ते ३,६०० एमएएच मावतात. त्या आकारात आज जगात कुणीही ९,९०० भरू शकत नाही. सेलवर ४,००० च्या पुढचा आकडा दिसला की तिथेच परत करा, पुढचं वाचूही नका. माझा सेल हातात हलका लागला होता. मी तसं म्हणालोही. माझा मदतनीस म्हणाला, "नवं तंत्रज्ञान असंल, डॉक्टर." आणि ते मला पटलं! दवाखान्यात औषधाची पूड तोलायचा काटा टेबलावर होता, हातभर अंतरावर. नंतर तोलला तर २९ ग्रॅम. पॉवर बँक ४१० ग्रॅम. ५०,००० एमएएचला चांगले पंधरा सेल लागतात, म्हणजे नुसत्या सेलचंच वजन ७०० ग्रॅमच्या वर जायला हवं. काटा खोटं बोलत नाही, पण काट्यावर ठेवायचं कुणाला सुचतं? विकत घेतलेली वस्तू तोलून बघायची असते हे भाजी सोडून आपल्याला कुणी शिकवलेलं नाही.

आणि मी एकट्यानेच घेऊन थांबलो असतो तर गोष्ट २,४९९ वर मिटली असती. पहिल्या आठवड्यात सगळं लखलखीत चालत होतं. तालुक्यातल्या तीन सहकाऱ्यांनी आणि मेहुण्याने "आम्हालाही मागव" म्हटलं. विकणाऱ्याचा व्हॉट्सअॅपवर लगेच निरोप: चार सेट घेतले तर २,१५० ला एक, पण पूर्ण रक्कम आगाऊ. ८,६०० पाठवले. माल आला, हे विशेष. चौघांचे पैसे मी नंतर खिशातून परत केले. मेहुण्याने घेतले नाहीत, ते बायको त्याच्या घरी जाऊन ठेवून आली. त्यामुळे पूर्ण आकडा माझ्याच नावावर.

बिंग फुटलं एका कालवडीच्या वेळी. पहिलटकरीण, वासराचा पाय मागे दुमडलेला, आणि डोक्याची बॅटरी पाऊण तासाच्या आत मिणमिणली आणि गेली. टॉर्चमधला सेल काढून घातला, तोही तसाच. मग फोनच्या उजेडात काम चालू, फोन २२ टक्क्यांवर. पॉवर बँक जोडली तर ४६ पर्यंत चढवून तिने मान टाकली. शेवटचा अर्धा तास मालकाच्या पोरीने तिच्या फोनचा दिवा धरला. वासरू जगलं, पण त्या पोरीसमोर "डॉक्टरांची नवी बॅटरी" हा विषय निघाला तेव्हा मी हात धुण्यात बराच वेळ घालवला.

पुण्याला गेलो तेव्हा तपकीर गल्लीतल्या ओळखीच्या इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात सगळं घेऊन बसलो. त्याने पॉवर बँक उघडली. (घरी उघडू नका. सेलला टोक लागलं तर पेट घेतो.) आत सहा सेल. त्यातला एक जोडलेला, बाकी पाच नुसते नळे, त्यात वजनाला बारीक वाळू. मीटर लावून पाहिलं तर पॉवर बँकेने ५ व्होल्टला १,१४० एमएएच दिले, ५०,००० च्या जागी. ९,९०० चा सेल ८२० ला आडवा झाला. दुकानदार हसला नाही, एवढे उपकार. म्हणाला, महिन्याला असे पाच-सहा येतात.

त्याच्याकडूनच कळलं की इमानदार कंपन्या पॉवर बँकेवर दोन आकडे छापतात. एक आतल्या सेलचा आणि दुसरा "रेटेड", म्हणजे ५ व्होल्टला प्रत्यक्ष मिळणारा. १०,००० च्या पॉवर बँकेवर खाली सहा हजाराच्या आसपासचा आकडा दिसला तर ती लबाडी नव्हे, ती खरी माहिती आहे. दुसरा आकडा नसेल तर ठेवा परत. ल्युमेनचंही, म्हणजे उजेडाच्या मापाचंही, तसंच. मोटारीच्या साध्या हॅलोजन दिव्याचा उजेड हजार-दीड हजार ल्युमेन असतो, आणि माझ्या टॉर्चवर एक लाख लिहिलं होतं. हे वाचून हसू यायला हवं होतं, मला कौतुक वाटलं.

आता तक्रारीचं ऐका. ठाण्यात गेलो. "माल मिळाला ना? टॉर्च लागते ना? मग फसवणूक कसली, ही ग्राहकाची तक्रार झाली." ग्राहकांच्या एका हेल्पलाइनवर गेलो. तक्रार नोंदवली, नंबर आला, आणि काही दिवसांनी "कंपनीकडून प्रतिसाद नाही, योग्य त्या मंचाकडे जावे" असा निरोप येऊन तक्रार बंद. बंद! ज्याने फसवलं त्याने उत्तर दिलं नाही म्हणून माझी तक्रार बंद. बँकेत सांगितलं तर म्हणे, "पिन तुम्हीच टाकलात ना?" कुरिअरवाल्याला विचारलं, ज्याला माझे २,३०० नेऊन दिलेत तो कोण? "ती माहिती गोपनीय आहे." माझा पत्ता, माझा फोन नंबर, माझ्या घरी कधी कोण असतं हे सगळं त्या भामट्याला ठाऊक, आणि त्याचं नाव गोपनीय. खोक्यावर आयातदाराचं नाव नाही, बनल्याचा महिना नाही, म्हणून ते बघणाऱ्या एका कार्यालयात गेलो. पाकिटावर नाव-पत्ता, महिना-वर्ष, किंमत छापायलाच हवी, असं २०११ चे नियम सांगतात. साहेबांनी खोकं उलटसुलट पाहिलं आणि म्हणाले, "हा माल आपल्या जिल्ह्यात पॅक झालेला दिसत नाही." दिसणार कसा? पत्ताच नाही, हीच तर तक्रार! "मग कुणावर कारवाई करायची?" हे त्यांनी मला विचारलं. मला. मी गुरं तपासतो हो.

ग्राहक आयोगाच्या खिडकीवरचा माणूस तेवढा नीट बोलला. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी लागत नाही, अर्ज ऑनलाइनही करता येतो, वकील सक्तीचा नाही. फक्त विरुद्ध पक्षाचा पत्ता द्या. बिलावरच्या पत्त्यावर स्पीड पोस्टने नोटीस पाठवली, "अपूर्ण पत्ता" असा शेरा घेऊन परत आली. २०२० चे ई-कॉमर्सचे नियम सांगतात की विकणाऱ्याने तक्रार अधिकाऱ्याचं नाव द्यावं, त्याने ४८ तासांत पोच द्यावी आणि महिन्यात निकाल लावावा. नियम फार सुंदर आहे. विकणाऱ्याचं पानच इंटरनेटवरून उडालं, आता अधिकारी कुठे शोधू? मध्यंतरी एकाचा फोन आला, "तुमचा रिफंड मंजूर झालाय, ३५० प्रक्रिया शुल्क भरा." एवढी अक्कल शिल्लक होती, फोन ठेवला.

पॉवर बँकेला भारतीय मानक ब्युरोची नोंदणी सक्तीची आहे. वस्तूवर 'आर' अक्षर आणि पुढे आठ आकडे असतात. बीआयएस केअर नावाच्या अॅपमध्ये ते टाकले की कंपनी आणि वस्तू समोर येते. अर्ध्या मिनिटाचं काम, घेण्याआधी करायचं. माझ्या पॉवर बँकेवर नंबर होता, झोकात छापलेला. टाकून पाहिला तर भलत्याच कंपनीच्या भलत्याच वस्तूचा. म्हणजे नुसता नंबर आहे एवढ्यावर भाळू नका, तो कुणाचा ते बघा.

पैसे फसवून गेले असतील तर १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला पहिल्या काही तासांत फोन करा, उशिरा केला तर गोठवायला खात्यात काही राहत नाही. १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवरही नोंदवा, पुढे तो कागद उपयोगी पडतो. आणि असला सेल कडब्याजवळ, गादीवर, झोपलेल्या पोराच्या उशाशी चार्जिंगला लावू नका. त्यात जास्त भरलं तर वीज तोडणारी पट्टी बहुधा नसते. फुगला की वापर बंद, उकिरड्यावर टाकू नका, दुकानात जुन्या बॅटऱ्यांच्या डब्यात द्या.

आता माझ्याकडे डोक्याची बॅटरी साध्या पेन्सिल सेलवर चालणारी आहे. रिचार्जचे निकेलचे सेल घातलेत, ते संपले तर वाडीवरच्या किराणा दुकानातही साधे मिळतात. (या निकेलच्या सेलवरही २,७०० च्या वर आकडा दिसला तर संशय घ्या.) पॉवर बँक १०,००० चीच, १,०९९ ला, जीएसटीच्या बिलासह, २२० ग्रॅम. दुकानातच काट्यावर ठेवली. दुकानदाराने विचित्र नजरेने पाहिलं, पाहू दे.

कुणाकडे असलाच लष्करी चित्राचा काळा-पिवळा खोका, वर ५०,००० आणि आत ९,९०० चे दोन सेल असतील, तर खोकं, कुरिअरचं लेबल आणि यूपीआयचा व्यवहार क्रमांक टाकून देऊ नका. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ प्रमाणे एकाच प्रकारे फसलेल्यांना आयोगाच्या परवानगीने एकत्र तक्रार करता येते. दोघातिघांची लेबलं जुळली तर कुरिअरकडून पाठवणाऱ्याचा पत्ता मागायला आयोगाला सांगता येईल. माझं लेबल मी जपून ठेवलंय.