फातोर्ड्याचा सामना: ऐंशीव्या मिनिटाला उठावं की शिट्टी होईपर्यंत बसावं?

"उठा रे, आता काय्येक होवचां नाय. मागसून गाडी भायर काढूक गावाची नाय."

मडगावातल्या फातोर्ड्याच्या नेहरू स्टेडियममध्ये फुटबॉलच्या सामन्याला ऐंशीव्या मिनिटाच्या आसपास आमच्या रांगेत हे वाक्य ठरलेलं. बोलणारा बहुतेक वेळा गाडी चालवणारा असतो, त्यामुळे त्याचं ऐकावं लागतं. लवकर मडगावकरही उठतात, पण त्यांना घरी जाऊन जेवायचं असतं. आम्हाला राज्याची हद्द ओलांडायची असते.

सावंतवाडी, कुडाळ, वेंगुर्ल्याकडून एफसी गोवाचा सामना बघायला पहिल्यांदा जाणारे लोक तिकिटाबद्दल कमी आणि परतीबद्दल जास्त विचारतात. उशीर किती होतो? शेवटपर्यंत थांबता का? मी दोन्ही करून पाहिलंय, म्हणून दोन्हीचा हिशेब मांडतो.

आधी घड्याळ. साडेसातला सुरू झालेला सामना नव्वद मिनिटांनी, म्हणजे नऊला सुटणार असं नवखा माणूस धरून चालतो. पहिलं अर्ध जादा वेळ धरून ८.१८ च्या सुमारास संपतं, पंधरा मिनिटं मध्यंतर, दुसरं अर्ध ८.३३ ला सुरू. म्हणजे ऐंशीवं मिनिट येतं नऊ वाजून आठ मिनिटांनी आणि पाच-सहा मिनिटं जादा धरली तर शेवटची शिट्टी ९.२४ ला. वादाचा मुद्दा एवढाच, सोळा मिनिटांचा. हा जादा वेळ अलीकडे वाढलाय. २०२२ च्या कतार विश्वचषकात पंच वाया गेलेली मिनिटं काटेकोर मोजून परत देऊ लागले, आणि इंग्लंड-इराण सामन्यात दोन्ही अर्धी मिळून सत्तावीस मिनिटांच्या आसपास जादा खेळ झाला. तेव्हापासून 'नव्वदाव्या मिनिटाला निघालो' याचा अर्थ 'संपल्यावर निघालो' असा होत नाही.

आता रस्ता. फातोर्डा ते सावंतवाडी साधारण नव्वद किलोमीटर, कुडाळ शंभराच्या पुढे. रेल्वेचा विचार सोडून द्या. सामना सुरू होण्याआधीच कोकणकन्येने मडगाव सोडलेलं असतं. मडगावहून पणजी-म्हापशाकडे रात्री बस मिळेल या भरवशावरही राहू नये. म्हणजे स्वतःची नाहीतर भाड्याची गाडी आणि ६६ नंबरचा हायवे.

लवकर उठायची आमची सवय याच रस्त्याने लावली. झुआरीचा जुना पूल आठवतोय ना? त्यावर एकदा अडकलं की खाली नदीचं पाणी हलताना दिसायचं आणि आपण तिथेच. त्या काळात दहा मिनिटं आधी निघालेला माणूस खरोखर तासभर आधी घरी पोचायचा. पण नव्या पुलाचा पहिला भाग २०२२ च्या डिसेंबरअखेर सुरू झाला, दुसरा पुढच्या वर्षी. पणजीत मांडवीवर अटल सेतू २०१९ पासून आहे. पर्वरीला उड्डाणपुलाचं काम निघाल्यापासून तिथला खोळंबा आहे खरा, पण तिथे जितकं उशिरा पोचाल तितकं बरं. थोडक्यात, पूल बदलला तरी भीती जुन्या पुलाचीच राहिली आहे. माझ्या मते निम्मी माणसं आजही याच जुन्या भीतीने उठतात.

खरी गर्दी होते ती स्टेडियमच्या तोंडाशी. सगळ्या गाड्या गल्लीबोळांतून एकाच वेळी मोठ्या रस्त्याला लागतात. माझ्या अनुभवात पंचाहत्तर-ऐंशीच्या दरम्यान निघालं तर हायवेला लागायला पाच-सात मिनिटं पुरतात. शिट्टीबरोबर निघालं तर अर्धा तास सहज जातो. शिट्टीनंतर अर्ध्या तासाने निघालं तर पुन्हा सात मिनिटं. मधल्या काळाचं काय, ते पुढे येईल.

लवकर उठण्याच्या बाजूने बोलायचं तर सगळ्यात वजनदार कारण स्कोअर किंवा ट्रॅफिक नसून चालक आहे. तो सकाळी कामावर गेलेला, दुपारी गाडी काढलेली, दोन तास चालवून आलेला, आणि पोटात एक समोसा. अकराच्या पुढे हायवेवर गुरं बसलेली असतात, समोरच्या ट्रकचे दिवे डोळ्यांत येतात आणि मागच्या सीटवर सगळे घोरतात. अशा माणसाने "चला" म्हटलं तर त्याच्याशी वाद घालू नये. दुसरं कारण मूल. आठ-नऊ वर्षांचं पोर सत्तराव्या मिनिटानंतर खेळ बघत नसतं, ते मांडीवर येऊन बसतं. मग त्याला आणि आपल्याला शिक्षा कशाला?

तिसरं कारण राग. हरणाऱ्या संघाचे चाहते तोंड फिरवून निघून जातात, हे जगभर चालतं. ८ जुलै २०१४ ला बेलो होरिझोन्तीत जर्मनीने ब्राझीलला पहिल्या अर्ध्या तासातच पाच गोल घातले, तेव्हा मध्यंतरालाच लोक रडत बाहेर पडत होते. सामना १-७ असा संपला. तिथे थांबून कुणाला काय मिळणार होतं? पण रागाचा एक शिस्तबद्ध प्रकारही आहे. फेब्रुवारी २०१६ मध्ये लिव्हरपूलच्या चाहत्यांनी ७७ पौंडांच्या प्रस्तावित तिकिटाविरुद्ध ७७ व्या मिनिटाला उठून जायचं ठरवलं आणि हजारो जण खरंच उठले. तेव्हा लिव्हरपूल संडरलंडविरुद्ध २-० ने पुढे होता. स्टँड रिकामे झाले आणि संडरलंडने दोन गोल करून २-२ केलं. तिकिटाचा प्रस्ताव मात्र काही दिवसांत मागे घेतला गेला. त्या लोकांनी दोन गुण घालवून तिकीट वाचवलं म्हणायचं. आमच्या रांगेतल्या उठण्यामागे असं काही ध्येय नसतं, हे कबूल करायला हवं.

आता बसून राहण्याची बाजू. शेवटच्या पंधरा मिनिटांत गोल जास्त होतात, ही अंधश्रद्धा नाही. बचावपटूंचे पाय जड होतात, बाकावरून ताजे खेळाडू येतात (आता तीनाऐवजी पाच बदलता येतात), आणि मागे पडलेला संघ घरदार उघडं टाकून पुढे धावतो. त्यामुळे गोल दोन्हीकडे होऊ शकतो. २६ मे १९९९ ला बार्सिलोनात चॅम्पियन्स लीगच्या अंतिम सामन्यात बायर्न म्युनिक मँचेस्टर युनायटेडविरुद्ध १-० ने पुढे होता. चषक द्यायला युएफाचे, म्हणजे युरोपच्या फुटबॉल संघटनेचे, अध्यक्ष लेनार्ट योहान्सन लिफ्टने खाली निघाले. मैदानावर येऊन बघतात तर मँचेस्टर युनायटेड नाचतोय आणि बायर्नवाले जमिनीवर. जादा वेळेत दोन गोल झाले होते आणि ते अध्यक्षांनीच चुकवले. १३ मे २०१२ ला मँचेस्टर सिटीला इंग्लंडच्या लीगच्या विजेतेपदासाठी जिंकायलाच हवं होतं आणि नव्वद मिनिटांनंतर ते १-२ ने मागे होते. झेको, मग ९४ व्या मिनिटाला अग्वेरो. जे आधी उठून गेले होते त्यांना चव्वेचाळीस वर्षांनी मिळालेलं विजेतेपद बाहेरून ऐकावं लागलं.

पण ही उदाहरणं सांगून फातोर्ड्याच्या माणसाला थांबवता येत नाही. त्याच्याकडे घरची उदाहरणं आहेत आणि ती उलटी आहेत.

२० डिसेंबर २०१५. इंडियन सुपर लीगचा अंतिम सामना, तोही फातोर्ड्यात. ८७ व्या मिनिटाला जोफ्रेच्या फ्री किकवर गोवा २-१ ने पुढे. नव्वदाव्या मिनिटाला गोलरक्षक कट्टीमनीच्या हातून चेंडू स्वतःच्याच जाळ्यात, आणि दोनच मिनिटांत मेंडोझाचा गोल. चेन्नईयिन ३-२. मग २४ एप्रिल २०२४, उपांत्य फेरीचा पहिला सामना मुंबई सिटीशी. बोरिस आणि ब्रँडनच्या गोलांवर नव्वदाव्या मिनिटापर्यंत गोवा २-० ने पुढे. नंतर छांगटे, विक्रम प्रताप, पुन्हा छांगटे. साधारण सहा मिनिटांत तीन गोल. २-३.

या दुसऱ्या सामन्याला आम्ही होतो. म्हणजे, ८७ व्या मिनिटापर्यंत होतो. मी, मावसभाऊ आणि त्याचा नऊ वर्षांचा मुलगा. मावसभाऊ किल्ली हातात घेऊन उठला, शेजारच्या नारिंगी जर्सीवाल्याने झेंडा गुंडाळायला घेतलाच होता, मग आम्हीही उठलो. बाहेरच्या जिन्यावर एक गोष्ट कळली जी टीव्हीवर कळत नाही. घरच्या संघाने गोल केला तर जिना हादरतो. पण पाहुण्यांनी गोल केला तर काहीच होत नाही. आधी चाललेला ढोल थांबतो, एवढंच. आम्ही खाली उतरत असताना ढोल थांबला. आम्हाला वाटलं, वाजवणारा दमला. गाडीपर्यंत पोचेस्तोवर तीनदा अशी शांतता झाली असणार, आम्ही ती नीट ऐकलीच नाही. पोराने विचारलं, "बाबा, संपली मॅच?" मावसभाऊ म्हणाला, "संपली रे, जिंकलव आपण."

झुआरी पुलावर पोराने फोन उघडला.

"तीन-दोन झाला."

"आपले तीन?"

"नाय. मुंबयचे."

पूल ओलांडेपर्यंत गाडीत कुणी बोललं नाही. (सिंधुदुर्गात मुंबई सिटीचे चाहते कमी नाहीत, अर्धा जिल्हा मुंबईतच असतो. पण आमची गाडी गोव्याच्या बाजूची होती.) पाच दिवसांनी मुंबईत गोवा ०-२ ने हरला आणि विषय संपला.

म्हणून लवकर उठणाऱ्याची फसगत होते असं मला सरसकट म्हणता येत नाही. आम्ही त्या रात्री पुलापर्यंतची वीसेक मिनिटं जिंकलेले होतो. जे बसून राहिले त्यांना ते तीनही गोल डोळ्यांनी बघावे लागले. नंतर पत्रादेवीला राज्याची हद्द ओलांडताना मावसभाऊ हेच म्हणाला. पण पोर म्हणालं ते जास्त खरं होतं: "मी मॅच बघलंय, पण गोल नाय बघलंय." कुडाळला शाळेत त्याला कुणी विचारलं तर तो काय सांगणार होता?

एक अवांतर. हीच आमची माणसं जत्रेत दशावतार बघताना पहाटेपर्यंत हलत नाहीत. राक्षस मरणार हे सगळ्यांना ठाऊक असतं, तरी दहीकाला होईपर्यंत चादर लपेटून बसतात. फुटबॉलमध्ये शेवट ठाऊक नसतो आणि उठतात! मी हे बऱ्याच वर्षांपूर्वी आमच्याकडच्या एका म्हाताऱ्या पेटीवाल्याला सांगितलं होतं. तो म्हणाला, देवळापासून घर चालत जाण्याएवढं असतं म्हणून लोक बसतात. नाटक तालुक्याला ठेव, बघ किती जण थांबतात. त्यानंतर लवकर उठणाऱ्याला मी अरसिक म्हणत नाही.

तर निवड कशी करायची? दुचाकीवरून जाणार असाल तर उठायचं काही कारणच नाही, दुचाकी कुठल्याही गर्दीतून निघते. पण रात्री शंभर किलोमीटर दुचाकीवर जाणार असाल तर आधी सामन्याला जायचं की नाही याचाच विचार करा. पंधरा जणांची ट्रॅव्हलर करून जाणार असाल तर शेवटपर्यंतच थांबा. पंधरा माणसं गेटवर गोळा व्हायला वीस मिनिटं लागतात आणि एक जण हटकून दुसऱ्या गेटला उभा असतो, त्यामुळे लवकर उठून मिळवलेला वेळ तिथेच जातो. लहान मूल, एकटाच चालक आणि दुसऱ्या दिवशी ड्युटी असेल तर पंचाहत्तराव्या मिनिटाला उठा, स्कोअर काहीही असो, आणि फोन खिशात ठेवा. संध्याकाळी पाचचा सामना असेल तर हा प्रश्नच पडत नाही, थांबा.

बाकी सगळ्यांसाठी मी तिसरा मार्ग सुचवतो. शिट्टी होऊ द्या, खेळाडू प्रेक्षकांजवळ येतात ते बघा, मग चालकाला घेऊन जवळच्या खाण्याच्या गाड्यावर जा. रस ऑम्लेट, म्हणजे रस्सा घातलेलं ऑम्लेट, दोन पाव, वर कापलेला कांदा. तो खाईपर्यंत रस्ता मोकळा होतो. दहाच्या सुमारास निघालं की सावंतवाडी बाराला. ऐंशीव्या मिनिटाला निघालेला सव्वा अकराला पोचतो. त्याच्यापेक्षा पाऊण तास उशीर, पण चालकाचं पोट भरलेलं आणि सामना पूर्ण बघितलेला.

सगळ्यात वाईट निवड आमची होती, ८७ वं मिनिट. तेव्हा तुमच्यासारखेच शेकडो जण उठतात, त्यामुळे गेटही भरलेलं आणि रस्ताही. सामना गेला आणि वेळही वाचला नाही. स्कोअर बघून ठरवायला गेलं की माणूस असाच मधे लटकतो, कारण २-० ला वाटतं झालं, २-१ ला वाटतं थांबावं. म्हणून ठरवायचं ते गाडी लावताना. स्टेडियमच्या भिंतीला चिकटून लावू नका. दहा मिनिटं चालावं लागलं तरी चालेल, पण मोठ्या रस्त्याच्या बाजूला, तोंड बाहेर करून लावा. आणि चालकाला तेव्हाच विचारा, किती वाजता निघायचंय. त्याने वेळ सांगितली की नंतर कुणी कुरकुर करायची नाही.

मावसभावाने हे निम्मं ऐकलंय. गाडी आता तो लांब लावतो. ऐंशीव्या मिनिटाला अजूनही किल्ली काढून उठतो, पण जिन्याच्या तोंडापर्यंतच जातो. तिथे कठड्याला टेकून, किल्ली बोटावर फिरवत, उरलेला सामना उभ्यानेच बघतो.