पंच्याऐंशी पौंडांची ‘ईडिथ’

पैसे गेले ते गेलेच. पण चीड येते ती स्वतःची, कारण मी दागिना पाहिलाच नाही, त्याची गोष्ट ऐकून भुलले.

इथे बर्मिंगहॅमला आमच्या शेजारी ब्याऐंशी वर्षांच्या एक बाई राहतात. माझी मुलं त्यांच्याच अंगाखांद्यावर वाढली. त्यांच्या आजीचं नाव ईडिथ, आणि आजीच्या गळ्याशी कायम तिच्या नावाचा चांदीचा ब्रोच, म्हणजे कपड्यावर टाचायचा दागिना, असायचा. घर बदलताना तो कुठे गेला कोण जाणे. वाढदिवसाला तसाच एक शोधून द्यायचं माझ्या डोक्यात बसलं.

व्हिक्टोरिया राणीच्या शेवटच्या वीसेक वर्षांत या नावाच्या ब्रोचचं मोठं खूळ होतं. चांदी स्वस्त झालेली, आणि इथल्या ज्युलरी क्वार्टर या सराफांच्या वस्तीत पातळ पत्र्यावर ठसा मारून ते झपाट्याने बनत. त्यामुळे कामकरी मुलीलाही तिचा प्रियकर ‘अ‍ॅनी’ किंवा ‘नेली’ देऊ शकायचा. भोवती आयव्हीच्या वेलीची पानं असली तर एकनिष्ठेची खूण. काहींवर नावाऐवजी ‘मिझ्पा’ हा बायबलमधला शब्द असे: आपण दूर असताना देव दोघांवर लक्ष ठेवो. आपण लग्नातल्या भांड्यांवर नाव घालतो त्याची आठवण होते, फक्त आपला जीव वाटी शेजारी राहून जाऊ नये एवढ्यातच!

ऑनलाइन ‘ईडिथ’ सापडली. विकणारीने लिहिलं होतं की ब्रोच तिच्या पणजीचा, दक्षिण आफ्रिकेतल्या बोअर युद्धावर निघालेल्या वाग्दत्त वराने दिलेला, तो परत आलाच नाही. वाचून माझे डोळे भरले. फोटो फक्त पुढच्या बाजूचे. मागचा मागितला तर धूसर आला. “साइटबाहेर थेट बँकेत भरलेत तर दहा पौंड कमी,” असं ती म्हणाली आणि मी शहाणी लगेच ८५ पौंड भरून मोकळी.

शेजारच्या बाईंनी ब्रोच तळहातावर घेतला आणि हळूच म्हणाल्या, “आजीचा इतका जड नव्हता गं.” तिथेच माझ्या पोटात गोळा आला.

मग ज्युलरी क्वार्टरमधल्या एका जुन्या सराफाकडे गेले. त्याने भिंगही नीट लावलं नाही. मागे नुसतं ‘९२५’, म्हणजे हजारात ९२५ भाग चांदी. त्या काळच्या इथल्या ब्रोचवर शुद्धतेची खूण म्हणून सिंह, बर्मिंगहॅमची खूण म्हणून जहाजाचा नांगर, वर्षाचं अक्षर आणि कारागिराची आद्याक्षरं असतात. शुद्धतेचा आकडा ब्रिटिश हॉलमार्कमध्ये सक्तीचा झाला तो १९९९ पासून. माझा ब्रोच साच्यात ओतलेला होता, म्हणून पानांच्या कडा बोथट आणि वजन जास्त. खाचांतला काळेपणाही सगळीकडे एकसारखा, मुद्दाम चढवलेला. मागची टाचणी अडकवायची कडी मात्र नवीकोरी. ती जुन्या दागिन्यावरही कधीकधी बदललेली असते, एवढ्यावरून ठरवू नका, असं तोच म्हणाला.

विकणारीने उत्तर देणं थांबवलं. साइटने हात वर केले, कारण पैसे बाहेरून गेलेले. बँकेत तक्रार केली आहे, अजून काही कळलेलं नाही.

परवा सहज शोधलं तर दुसऱ्या नावाने जाहिरात दिसली. ब्रोच ‘लिझी’, पणजी नवी, फोटो पुन्हा पुढूनच. बोअर युद्धावर गेलेला शिपाई मात्र तोच.